गेम डेव्हलपरची कम्युनिटी स्ट्रीम: चॅट गप्प राहत असेल तर तयारीचा क्रम बदला

आमची पुण्यात पाच जणांची टीम आहे. कोकणातल्या खाडीत होडी चालवायची, भरती-ओहोटी सांभाळत गावोगावी सामान पोचवायचं, असा गेम आम्ही करतोय आणि दोन वर्षं झाली, महिन्यातून एकदा खेळणाऱ्यांसोबत लाईव्ह येतोय. ओळखीतले बाकीचे डेव्हलपर भेटले की एकच तक्रार ऐकायला मिळते, "वीस-पंचवीस जण येतात गं, पण कोणी बोलतच नाही, दहा मिनिटांत निम्मे गायब." मग मी त्यांची स्ट्रीम बघते. कॅमेरा ठीक असतो, माईक ठीक असतो, गेम तर चांगला असतोच. चुकलेला असतो तो क्रम. आधी ओबीएस (लाईव्ह स्ट्रीम पाठवायचं सॉफ्टवेअर) लावलं, मग थंबनेल केलं, मग पोस्ट टाकली, आणि आज नेमकं करायचं काय हे स्ट्रीमच्या अर्धा तास आधी ठरलं. मग डेव्हलपर खेळत बसतो, लोक बघत बसतात, आणि मध्येमध्ये "काही प्रश्न असतील तर विचारा हं" एवढंच होतं.

लोक बोलतात कधी, तर आपल्या बोलण्याने काहीतरी हलणार आहे असं दिसलं की. म्हणून खालचं सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: गेममधली एक खरी, अजून न ठरलेली गोष्ट चॅटला ठरवू द्यायची, ती त्याच तासात त्यांच्यासमोर करून बघायची, आणि नंतर ती त्यांच्या कॉपीत पोचवायची. पहिल्यांदा करत असाल तर दोन आठवडे हातात ठेवा.

## १. चॅटने काय ठरवायचं ते आधी ठरवा (दोन आठवडे आधी)

"गेम कसा वाटतोय?" असं विचारलं की "मस्त" याच्या पलीकडे काही येत नाही. "पुढे काय बघायला आवडेल?" विचारलं की चाळीस उत्तरं येतात, मल्टीप्लेअर पाहिजे, मोबाईलवर पाहिजे, आणि त्यातलं एकही या महिन्यात तुमच्या हातात नसतं. दोन्हीकडे माणूस एकदा टाईप करतो आणि थांबतो.

प्रश्न छोटा आणि नेमका लागतो. आमचा एक सांगते. ओहोटी लागली की गेममध्ये होडी गाळात रुतते, तेव्हा खेळणाऱ्याने काय करायचं? भरती यायची वाट बघायची, तेवढ्यात जाळं दुरुस्त करायचं, भात शिजवायचा? की चिखलात उतरून होडी ढकलायची, दमायचं पण लवकर सुटायचं? यावर आमच्यातच तीन आठवडे वाद चालू होता, अर्धे इकडे अर्धे तिकडे. स्ट्रीमवर विचारायला असाच प्रश्न पाहिजे, कारण तो तुमच्यासाठीसुद्धा खरा आहे आणि ते लोकांना लगेच कळतं.

थांबा, तपासा:
- दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी टीमला चालणार आहे का? मनात एक पक्कं झालं असेल तर विचारूच नका, लोकांना ते पाच मिनिटांत समजतं आणि पुढच्या वेळी येत नाहीत.
- दोन्ही पर्याय त्या दिवशी खेळून दाखवता येतील का, कच्चे का असेनात?
- निकाल महिन्याभरात गेममध्ये जाईल का?

तिन्हीला "हो" येईपर्यंत प्रश्न बदलत राहा, पुढच्या पायरीला जाऊ नका.

सावधान: किंमत, रिलीजची तारीख, पब्लिशरशी चाललेलं बोलणं, यातलं काही पोलवर टाकायचं नाही. "आज यावर बोलायचं नाही" अशी एक यादी कागदावर करा आणि प्रत्येकासाठी एक वाक्य ठरवून ठेवा. "रिलीज कधी?" हे तर येणारच, तेव्हा टीममधल्या सगळ्यांच्या तोंडून एकच उत्तर निघालं पाहिजे. एकाने "दिवाळीपर्यंत बहुतेक" म्हटलं की ती दिवाळी वर्षभर तुमच्या मागे लागते.

## २. स्ट्रीमसाठी वेगळा बिल्ड काढा (दहा दिवस आधी)

सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते. रोजचा चालू बिल्ड, म्हणजे गेमची चालवता येणारी आवृत्ती, उचलायचा आणि त्यावरच लाईव्ह जायचं, हे करू नका. वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र प्रत) काढा, स्ट्रीमच्या दोन दिवस आधी ती गोठवा, त्यानंतर तिच्यात कोणीही काहीही टाकणार नाही, "फक्त एक छोटा फिक्स" सुद्धा नाही.

या बिल्डमध्ये काय लागतं ते बघा.

सेव्ह फाइल्स. दाखवायच्या प्रत्येक जागेच्या दोन मिनिटं आधीची सेव्ह करून ठेवा आणि नावं नीट द्या, "१ धक्का", "२ गाळ", "३ रात्र". मेन्यूतून चालत जाऊन, कटसीन बघून तिथे पोचायचं म्हटलं तर सात-आठ मिनिटं जातात आणि तेवढ्यात माणसं उठून जातात.

दोन्ही पर्याय हॉटकीवर. एक बटण दाबलं की वाट बघायचं रूप, दुसरं दाबलं की ढकलायचं रूप. 'डेड सेल्स' या गेममध्ये ट्विच या लाईव्ह स्ट्रीमिंग साइटचं चॅट थेट गेमला जोडता येतं आणि बघणारे मत देतात, 'कल्ट ऑफ द लॅम्ब'मध्ये बघणारे स्ट्रीमरच्या खेळात अनुयायी होऊन येतात. ते बघून पहिल्याच महिन्यात एपीआयच्या, म्हणजे चॅट कोडने गेमला जोडायच्या, मागे लागू नका. पोलचा निकाल बघून टीममधल्या कोणीतरी बटण दाबलं तरी बघणाऱ्याला तेच समाधान मिळतं, आणि कोड शून्य लागतो. सहा महिने असं चाललं, लोक टिकले, की मग जोडणीचा विचार करा. यूट्यूबच्या एपीआयला रोज १०,००० युनिटचा कोटा असतो हे तेव्हा लक्षात ठेवा, चॅट सारखं सारखं ओढत राहिलं तर तो स्ट्रीमच्या मध्येच संपू शकतो.

अक्षरं मोठी. आपल्याकडचे बहुतेक लोक फोनवर बघतात, कोणी एसटीत बसून, कोणी जेवताना. तुमच्या २७ इंची मॉनिटरवर सुंदर दिसणारं इन्व्हेंटरीचं लिखाण फोनवर मुंग्यांसारखं दिसतं. डीबग मेन्यूतून यूआयचा, म्हणजे पडद्यावरच्या लिखाण-बटणांचा, आकार दीडपट करा.

आणि चित्र. हे आम्हाला फार उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या गेममध्ये श्रावणातल्या रात्रीचा एक भाग आहे, खाडीवर पाऊस, लांब एका होडीचा कंदील, टीममध्ये सगळ्यांचा लाडका सीन. तो आम्ही मोठ्या हौसेने स्ट्रीमला घेतला आणि लोकांना दिसला तो काळ्या-करड्या चौकोनांचा चिखल. कारण साधं आहे. व्हिडिओ एन्कोडर आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवायचा प्रयत्न करतो, पाऊस म्हणजे प्रत्येक फ्रेमला सगळ्या पडद्यावर बदल, मग ठरवून दिलेला बिटरेट (दर सेकंदाला पाठवता येणारा डेटा) पावसातच संपतो आणि अंधारातल्या हलक्या छटांना काही उरत नाही. गवत, धूर, बर्फ, पाण्यावरची चमक, सगळ्याचं तेच. आता स्ट्रीमच्या बिल्डमध्ये आम्ही पावसाचे थेंब एक तृतीयांश करतो, फिल्म ग्रेन (चित्रावरचे मुद्दाम टाकलेले दाणे) बंद करतो, गॅमा थोडा वर नेतो म्हणजे अंधार जरा उजळतो. आमच्या मॉनिटरवर ते फिकं वाटतं पण लोकांच्या फोनवर कंदील कंदीलासारखा दिसतो, आणि आपण दाखवतोय त्यांना.

थांबा, तपासा: दुसऱ्या मशीनवर, टीममधल्या जो हा भाग बनवत नाही अशा माणसाला बिल्ड द्या. त्याने सगळ्या सेव्ह उघडाव्यात, दोन्ही हॉटकी दाबाव्यात, अर्धा तास खेळावं. क्रॅश झाला तर गोठवलेल्या बिल्डच्या आधीचा बिल्ड कुठे ठेवलाय हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

## ३. तीन कामं, शक्यतो तीन माणसं

खेळणारा. बोलणारा. चॅट वाचणारा.

खेळता खेळता बोलता येतं, पण चॅट वाचता येत नाही, कितीही वाटलं तरी. आमच्या चौथ्या स्ट्रीमला हेडफोनची पिन निघाली, मी परत लावली, तेवढ्यात विंडोजने माईक बदलून टाकला. गेमचा आवाज जात होता, माझा जात नव्हता. अकरा मिनिटं मी मन लावून बोलत होते. चॅटमध्ये "ताई आवाज येत नाहीये" असं लोकांनी सात वेळा लिहिलं, नंतर रेकॉर्डिंग बघताना मी मोजलं, आणि सातव्यानंतर कोणी लिहिलं नाही कारण तोवर लिहिणारे गेले होते. चॅट वाचायचं काम ज्याच्याकडे होतं तो शेजारच्या टेबलावर एक बग बघत होता. त्या लोकांचं मला अजून वाईट वाटतं, ते मदतच करत होते.

तेव्हापासून नियम असा की चॅट वाचणाऱ्याकडे त्या तासात दुसरं काहीही काम नाही. त्याच्या हातात फोन, फोनवर तीच स्ट्रीम, एका कानात इअरफोन, म्हणजे बाहेर लोकांना जे दिसतंय-ऐकू येतंय तेच त्याला. आणि त्याला मध्येच तोडायचा पूर्ण अधिकार आहे. हात वर केला की बोलणाऱ्याने वाक्य अर्धवट सोडायचं.

दोघंच असाल तर खेळणं आणि बोलणं एकाकडे द्या, चॅट दुसऱ्याकडे. एकटे असाल तर खेळणं कमी करा: दर पाच मिनिटांनी गेम पॉझ, चॅट वाचायचं, उत्तर द्यायचं, परत खेळायचं. एकट्याने सलग खेळायची स्ट्रीम ही कम्युनिटी स्ट्रीम होत नाही.

भाषासुद्धा इथेच ठरवा. आम्ही बोलतो मराठीत, पोल मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाकतो, हिंदीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतो. तुमचं वेगळं असेल, फक्त दर पाच मिनिटांनी बदलू नका, कोणालाच आपलं वाटत नाही.

मॉडरेशनची सेटिंग लाईव्ह जायच्या आधी लावा. ब्लॉक केलेल्या शब्दांच्या यादीत शिव्या देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे टाका, रोमनमध्ये एकाच शिवीची चार-पाच स्पेलिंग होतात, सगळी टाका. स्लो मोड (दोन मेसेजच्या मध्ये थांबायला लावणारी सेटिंग) मात्र गर्दी झाल्याशिवाय लावू नका, तीस माणसांच्या चॅटमध्ये तो लावला की गप्पाच मरतात.

## ४. आवाज, नेट, लाईट, याच क्रमाने

चित्र थोडं फाटलं तर लोक थांबतात, आवाज फाटला तर जातात. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी माईकवर वेळ घाला. ओबीएसच्या मीटरमध्ये बोलताना तुमचा आवाज पिवळ्या पट्ट्यात यायला पाहिजे, म्हणजे साधारण उणे २० ते उणे ९ डेसिबल, आणि गेमचा आवाज हिरव्यातच राहायला पाहिजे. माईकला नॉइज सप्रेशन आणि शेवटी लिमिटर लावा, कोणी ओरडलं तरी फुटणार नाही. पंखा बंद. खिडकी बंद. गणपतीच्या दिवसांत घेत असाल तर मिरवणुकीचा रस्ता बघून वेळ ठरवा.

नेटसाठी वायफाय नको, केबल लावा. अपलोड स्पीड मोजा, डाउनलोड नाही, आणि ज्या वेळी स्ट्रीम आहे त्याच वेळी मोजा कारण रात्री नऊला अख्खी सोसायटी नेटवर असते. बिटरेट अपलोडच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. १०८०पी ६० फ्रेमला ट्विच ६००० केबीपीएस सुचवतं (यूट्यूब त्याहून जास्त), तेवढं नसेल तर ७२०पी ला या आणि ४५०० वर चालवा, फोनवर कोणाला फरक कळणार नाही. ओबीएसमध्ये कीफ्रेम इंटर्व्हल (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं ते) २ सेकंद.

लाईट. पुण्यात गुरुवार टाळाच, देखभालीसाठी लाईट गेली की गेली. इन्व्हर्टर असला तरी त्यावर जाताना क्षणभर वीज तुटते आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो, परत नेट यायला दोन-तीन मिनिटं. राउटरला वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. या सगळ्या खर्चात हा सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगी.

सावधान: ओबीएसमध्ये अख्खा डिस्प्ले कॅप्चर करू नका, गेम कॅप्चर वापरा. नाहीतर व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन, डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरचा खाजगी मेसेज, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पार्टनर पेजवरचे विक्रीचे आकडे, सगळं लोकांसमोर जातं. स्ट्रीम की (तुमच्या चॅनलवर लाईव्ह जायचा गुप्त कोड) चुकून दिसली तर थांबा, लगेच रीसेट करा.

आणखी एक सावधान, संगीतासाठी: गेमचं संगीत तुमच्याच माणसाने केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने साउंडट्रॅक एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत टाकला असेल आणि तिथे कंटेंट आयडी (गाणं ओळखून हक्क सांगणारी यूट्यूबची यंत्रणा) चालू असेल, तर तुमच्याच स्ट्रीमवर क्लेम येतो, आणि वाईट म्हणजे तुमचा गेम स्ट्रीम करणाऱ्या खेळणाऱ्यांवरही येतो. संगीतकाराला आजच विचारा आणि तो पर्याय बंद करायला सांगा.

रेकॉर्डिंग ओबीएसमध्ये वेगळं चालू ठेवा, एमकेव्हीमध्ये. साध्या एमपी४ मध्ये मध्येच मशीन बंद पडलं तर अख्खी फाइल जाऊ शकते, एमकेव्हीत तोवरचं तरी वाचतं.

## ५. वेळ ठरवा आणि कळवा (आठ दिवस आधी)

पहिल्यांदाच यूट्यूबवर लाईव्ह जाणार असाल तर हे आधी करा: चॅनलला फोन नंबर व्हेरिफाय करून लाईव्ह चालू करा, कारण ते चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. दरवर्षी कोणीतरी ऐनवेळी यात अडकतं. ट्विचवर जाणार असाल तर तिथले पोल ॲफिलिएट (ट्विचच्या अटी पूर्ण केल्यावर मिळणारा दर्जा) झाल्याशिवाय मिळत नाहीत, तोवर "१ किंवा २ टाईप करा" असं चालवावं लागतं, तेही चालतं.

वार आणि वेळ एकदा ठरवली की हलवू नका. आम्ही महिन्याचा दुसरा शनिवार, रात्री साडेआठ घेतो. लंडनला तेव्हा दुपारचे तीन किंवा चार, न्यूयॉर्कला सकाळचे दहा किंवा अकरा, त्यामुळे तिकडे गेलेली आपली मंडळीही येतात, आणि आमच्याकडे खाडीकाठची गावं सोडून बाहेर गेलेली बरीच आहेत. तिकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळ एक तास हलतं, म्हणून "किती वाजता?" हे लोकांवर सोडू नका, डिस्कॉर्डवर टाइमस्टॅम्पचा कोड टाका, ज्याला त्याला आपल्या घड्याळाची वेळ दिसते. भारताची मॅच त्या दिवशी आहे का हे बघायला विसरू नका, असेल तर त्याच महिन्यापुरती तारीख बदला आणि कारण सांगून बदला.

पोस्टमध्ये "लाईव्ह येतोय, नक्की या" लिहून काही होत नाही. प्रश्न लिहा. "शनिवारी ठरवायचंय: गाळात रुतलेली होडी ढकलायची की भरतीची वाट बघायची? दोन्ही करून दाखवू, निकाल तुमचा." सोबत दहा सेकंदांची क्लिप, रुतलेल्या होडीची. आणि खाली जागा द्या जिथे लोक आत्ताच मत लिहू शकतील. स्ट्रीम सुरू व्हायच्या आधीच दहा-बारा मतं जमली असली की पहिल्या मिनिटाला वाचायला काहीतरी असतं, आणि ज्यांनी लिहिलंय ते आपलं नाव ऐकायला येतात.

स्टीमवर पेज असेल तर तिथे इव्हेंट टाका, स्ट्रीम थेट दुकानाच्या पानावरही लावता येते. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट (येणाऱ्या गेमच्या डेमोंचा उत्सव) वर्षातून तीनदा होतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर, आणि एका गेमला एकदाच मिळतो, म्हणून आयुष्यातली पहिली स्ट्रीम तिथे करू नका, आधी चार-पाच घरच्या घरी झालेल्या असू द्या. पानावर येणाऱ्या माणसाला तुम्ही कोण ते माहीत नसतं आणि बरेचदा त्याचा आवाजही बंद असतो, त्याच्यासाठी पडद्यावर एक ओळ कायम ठेवा: आत्ता काय चाललंय, काय ठरायचंय.

## ६. रिहर्सल (दोन दिवस आधी)

अनलिस्टेड स्ट्रीम (लिंक असेल त्यालाच दिसणारी) लावा आणि खरंच चाळीस मिनिटं चालवा. पाच मिनिटांत "हो येतंय" म्हणून बंद करू नका, आवाज आणि चित्र मागेपुढे व्हायला, मशीन तापायला वेळ लागतो.

या वेळी मोजायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिले. मोठ्याने "आता" म्हणा, हातात घड्याळ घ्या, आणि मोबाईल डेटावर चालणाऱ्या फोनवर ते "आता" कधी ऐकू येतं ते बघा. यूट्यूबवर लेटन्सीचे तीन पर्याय असतात, नॉर्मल, लो आणि अल्ट्रा लो. पोल घ्यायचा तर नॉर्मल नको. अल्ट्रा लो वर कमजोर नेट असलेल्यांचं चित्र अडकतं, म्हणून आम्ही लो वर राहतो, तिथे बहुतेकांना दहा सेकंदांच्या आत पोचतं. आलेला आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, त्यात टाईप करायला लागणारी दहा-पंधरा सेकंदं मिळवा. प्रश्न विचारल्यावर पहिलं उत्तर दिसायला एवढा वेळ जाणार आहे.

थांबा, तपासा: ओबीएसच्या स्टॅट्समध्ये ड्रॉप झालेल्या फ्रेम दिसतायत का? नेटवर्कमुळे असतील तर बिटरेट खाली आणा, एन्कोडिंगमुळे असतील तर गेमची ग्राफिक्स सेटिंग किंवा रिझोल्यूशन. दोन्हीला एकच औषध चालत नाही.

## ७. तो एक तास

०-२ मिनिटं. काउंटडाउन दहा-दहा मिनिटं लावायची सवय सोडा. नंतर रेकॉर्डिंग बघणाऱ्यालाही तो बघावा लागतो, आणि वेळेवर आलेल्यालाच त्याचा त्रास. दोन मिनिटं बास. सुरू होताना होडी आधीच गाळात रुतलेली पाहिजे.

२-१० मिनिटं. प्रश्न सांगा, आधी आलेली मतं नावासकट वाचा, दोन्ही पर्याय एकेकदा खेळून दाखवा. नमस्कार-चमत्कार यातच होऊन जातात.

१०-१५ मिनिटं. पोल. हा शेवटाला ठेवणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे. शेवटाला निकाल लागला की त्याचं काही करून दाखवायला वेळच उरत नाही, लोकांनी मत दिलं आणि स्ट्रीम संपली. पोल लवकर घ्या, दोनच पर्याय ठेवा, दीड-दोन मिनिटं चालू ठेवा.

आणि विचारल्यावर बोलत राहा. प्रश्न विचारायचा, चार सेकंद थांबायचं, "कोणीच बोलत नाही वाटतं" म्हणून पुढे जायचं, हे मी अनुभवी लोकांनाही करताना बघितलंय. त्या चार सेकंदांत प्रश्न अजून लोकांच्या फोनवर पोचलेलाही नसतो. पोचतो तेव्हा त्यांना लगेच "कोणीच बोलत नाही" ऐकू येतं, आणि टाईप करायला घेतलेला माणूस पुसून टाकतो. त्याऐवजी तेवढी अर्धी-पाऊण मिनिटं दोन्ही बाजूंनी बोला, टीममध्ये कोण काय म्हणत होतं ते सांगा, भांडा थोडं.

१५-४० मिनिटं. जो पर्याय जिंकला तो घेऊन खेळा. हॉटकी दाबताना ते दिसू द्या. आता चॅट वाचणाऱ्याचं खरं काम सुरू होतं: त्याने एकेक मेसेज उचलायचा, नाव घ्यायचं, मेसेज पूर्ण वाचायचा, मगच उत्तर. नुसतं "हो हो, ते करू" म्हटलं तर रेकॉर्डिंग बघणाऱ्याला काय ते कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही आपल्यालाच म्हटलं का ते समजत नाही.

गाळाच्या त्या स्ट्रीमला "ढकला" जिंकलं, आणि आम्ही ढकलायला लागलो, तेवढ्यात अलिबागकडच्या एका मुलाने लिहिलं की होडी अशी सरळ ढकलून हलत नसते, आधी डावी-उजवीकडे हलवून चिखलाची पकड सोडवायची, मग ढकलायची. चॅट वाचणाऱ्याने हात वर केला, मेसेज वाचला, आमचा प्रोग्रामर खेळता खेळता थांबला आणि म्हणाला, "परत वाच." मग दहा मिनिटं नुसती त्यावरच चर्चा, किती वेळा हलवायची, दोघं असतील तर काय, ओहोटी पूर्ण लागली असेल तर उपयोग आहे का, आणि चॅटमध्ये दुसरे लोक आपापल्या खाडीचं सांगायला लागले. ठरवलेलं पुढचं सगळं आम्ही सोडून दिलं. असं होऊ द्या. तुमचा मिनिटांचा तक्ता अशा वेळी बाजूला ठेवण्यासाठीच असतो.

दर पंधरा मिनिटांनी दोन वाक्यांत "आत्ता काय चाललंय" सांगा, नवीन आलेल्यासाठी.

४०-५५ मिनिटं. मोकळे प्रश्न. इथे "आज यावर बोलायचं नाही" ची यादी समोर ठेवा. रागावलेला माणूस येईल, सेव्ह गेली म्हणून, पैसे वाया गेले म्हणून. त्याला डिलीट करू नका, आधी वाचा, "हे झालंय, आमच्याकडे नोंद आहे" किंवा "नाही माहीत, स्ट्रीम संपल्यावर फाइल पाठव" असं सरळ सांगा. शिवीगाळ असेल तर मात्र मॉडरेटरने गुपचूप काढायचं, बोलणाऱ्याने त्यावर एक शब्दही बोलायचा नाही.

५५-६० मिनिटं. काय ठरलं, कधीपर्यंत करणार, पुढची स्ट्रीम कधी. बंद.

बग आला तर: लपवू नका, सॉरी सॉरी पण करू नका. "हे बघा, होडी जमिनीत गेली", आणि जमत असेल तर तिथेच का झालं ते सांगा. वॉरफ्रेम या ऑनलाइन गेमची टीम आपल्या डेव्हस्ट्रीममध्ये वर्षानुवर्षं अर्धवट काम दाखवत आलीये आणि लोक त्यासाठीच येतात. फक्त दोनदा क्रॅश झाला की तिसऱ्यांदा तोच प्रयत्न नको, जुना बिल्ड उघडा.

सहाच जण आले तर: आकडा बोलून दाखवू नका. सहा जणांसोबत पोल घ्यायची गरजच नाही, नाव घेऊन विचारा, प्रत्येकाशी बोला. आमचे सगळ्यात जुने खेळणारे अशाच स्ट्रीमवर भेटलेत.

## ८. संपल्यानंतरचे दोन दिवस

दुसऱ्या स्ट्रीमला कोण येणार ते इथे ठरतं आणि थकलेले असल्यामुळे सगळे इथेच सोडून देतात.

त्याच रात्री चॅट वाचणाऱ्याने यादी करायची: काय कबूल केलं, कोणाला, कधीपर्यंत. रेकॉर्डिंग बघून नाही, आठवणीतून आणि नोंदींतून, लगेच. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगशी ताडून बघा, हमखास एक-दोन गोष्टी सुटलेल्या असतात.

यूट्यूबच्या व्हिडिओला चॅप्टर (कुठला भाग कुठल्या वेळेला ते) टाका. पहिला शून्यापासून सुरू झाला पाहिजे, किमान तीन लागतात, प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. ट्विचवर जुन्या स्ट्रीम ठरावीक दिवसांनी उडतात, त्यामुळे तिथे ठेवून विसरू नका, उतरवून घ्या. एक मिनिटाची एकच क्लिप काढा, आणि ती पोलच्या निकालाची किंवा चॅटमधून आलेल्या कल्पनेची काढा, तुमच्या सुंदर दृश्यांची ट्रेलरमध्ये सोय आहे.

आकडे बघायचे तर एका वेळी जास्तीत जास्त किती होते हे बघून फार काही कळत नाही. किती वेगवेगळ्या माणसांनी चॅटमध्ये लिहिलं ते मोजा, आणि त्यातले किती गेल्या महिन्यातही होते. वर्णनातल्या स्टीमच्या लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) लावा, म्हणजे स्ट्रीमवरून किती जण पानावर आले, किती जणांनी विशलिस्ट केलं (नंतर घ्यायला खूण करून ठेवलं) ते स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या स्टीमच्या साइटवर, दिसतं.

थांबा, तपासा: कबूल केलेल्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर टीममधल्या एकाचं नाव आणि तारीख आहे का? जे जमणार नाही असं आता वाटतंय ते आताच कळवा, डिस्कॉर्डवर, कारणासकट.

मग पॅच आला की नोटमध्ये "होडी ढकलण्यात सुधारणा" असं कोरडं लिहू नका. आम्ही लिहिलं होतं, "गाळात रुतलेली होडी आता आधी हलवून मग ढकलायची, शनिवारच्या स्ट्रीमवर आलेल्या सूचनेवरून", आणि त्या मुलाला आधी मेसेज करून विचारलं की नाव टाकायचं का. त्याने स्वतःचं नको म्हटलं, आजोबांचं टाका म्हणाला, होडी त्यांची होती. पुढची स्ट्रीम आम्ही तिथूनच सुरू केली, नवीन बिल्ड, ओहोटी लागलेली, होडी गाळात, आणि पहिली डावी-उजवी त्यालाच सांगायला लावली.